कुत्र्याची जात आणि माणसाची प्रतिष्ठा



झाशी हे नाव उच्चारताच मराठी मनासमोर एकच मूर्ती उभी राहते. पाठीशी लेकरू बांधून घोड्यावर स्वार झालेली राणी लक्ष्मीबाई! परंतु त्याच झाशी जिल्ह्यात, मऊरानीपूर तहसिलीत, आणखी एका 'महाराणी'चे स्थान आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. रेवन आणि ककवारा या दोन खेड्यांच्या दरम्यान, रस्त्याच्या कडेला, एक पांढरा चबुतरा आहे. त्यावर काळ्या रंगाच्या कुत्रीची लहानशी मूर्ती बसवलेली आहे. बुंदेलखंडातले लोक तिला 'कुतिया महारानी' म्हणतात. येणारे-जाणारे तिच्यापुढे हात जोडतात आणि सणासुदीला तिथे पूजा होते.

तिची कथा लोक अशी सांगतात. ही कुत्री दोन्ही गावांची होती, म्हणजे खरे पाहता कोणाचीच नव्हती. गावात पंगत असली की रमतूला नावाचे वाद्य वाजे. तो आवाज कानी पडताच ती त्या गावाकडे धाव घेई आणि उष्ट्या पत्रावळींवर पोट भरी. एके दिवशी दोन्ही गावांत एकाच वेळी पंगती उठल्या. ती एका गावी पोहोचली, तो तिथले जेवण संपलेले. दुसऱ्या गावचा रमतूला ऐकून ती तिकडे धावली, तर तिथेही काही उरले नव्हते. उपाशीपोटी धावून धावून ती थकली आणि दोन्ही गावांच्या मध्ये कोसळून मेली. ग्रामस्थांना हळहळ वाटली. ती जिथे पडली तिथेच त्यांनी तिला पुरले आणि त्या जागी हा चबुतरा उभारला.

मूर्तिपूजेविषयी आपली भूमिका काहीही असो, या कथेला हसून पुढे जाऊ नये असे मला वाटते. कारण या चबुतऱ्याच्या रूपाने दोन गावांनी एक गोष्ट कबूल केलेली आहे. या कुत्रीला कोणी दगड मारला नव्हता, कोणी विष घातले नव्हते. दोन्हीकडे चुली पेटल्या होत्या, दोन्हीकडे माणसे तृप्त होऊन उठली होती. कदाचित प्रत्येक गावाने मनाशी म्हटले असेल की, ती तिकडे जेवलीच असेल. जिवंतपणी तिला एक पान मिळाले नाही. मेल्यावर मात्र 'महाराणी' ही पदवी मिळाली. आणि ही पदवी देताना तिची जात कोणती, हे कोणी विचारले नाही.

आज आपल्या शहरांत मात्र कुत्रा दिसला की पहिला प्रश्न हाच असतो: "कोणत्या जातीचा आहे हो?" हा प्रश्न जितका निरागस वाटतो तितका तो नाही. आपल्या भाषेकडेच जरा लक्ष द्या. जे शब्द आपण माणसांसाठी झिजवले, तेच आपण कुत्र्यांच्या गळ्यात बांधले आहेत. जातिवंत, खानदानी, अस्सल, उच्च कुळातला हे एका बाजूला. गावठी, मिश्र, भटका, बेवारशी हे दुसऱ्या बाजूला. 'जातीच्या सुंदराला सर्व काही शोभते' ही म्हण आपण सहज उच्चारतो. आणि एखाद्या माणसाची दैन्यावस्था सांगायची झाली की 'त्याला कुत्रेसुद्धा विचारीत नाही' असे म्हणतो. कुत्र्यांची उतरंड आपण रचली ती काही कुत्र्यांकडे पाहून रचली नाही. आपल्यातल्या उतरंडीकडे पाहून रचली.

ही उतरंड मुळात आली कोठून? माणूस आणि कुत्रा यांची सोबत हजारो वर्षांची आहे आणि पूर्वीही निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी कुत्री होती, हे खरे. मेंढपाळाचे कुत्रे वेगळे, शिकाऱ्याचे वेगळे. दख्खनच्या माळरानावर भटक्या लोकांच्या तांड्यांबरोबर फिरणारे उंच, सडपातळ, वाऱ्यासारखे धावणारे 'कारवानी' कुत्रे आपल्या परिचयाचे आहे. पण त्या काळी कुत्र्याची किंमत त्याच्या कामावर ठरे. आज ज्याला आपण 'शुद्ध जात' म्हणतो, तिची कल्पना पुष्कळशी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात घडली. १८५९ साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि कुत्र्यांच्या वंशावळींची नोंदवही सुरू झाली. कान किती लांब, शेपूट कशी वळलेली, रंग कोणता, आई-बाप-आजोबा कोण, हे सारे कागदावर आले. उमरावांच्या घरी पूर्वापार वंशवृक्ष टांगलेले असत. कारखानदारीतून नव्याने पैसा मिळवलेल्या मध्यमवर्गाजवळ असा वंशवृक्ष नव्हता. परंतु वंशवृक्ष असलेला कुत्रा मात्र त्याला विकत घेता येत होता!

तीच हौस साहेबांबरोबर हिंदुस्थानात आली. झाशीसारख्या ठिकाणी गावाला लागून छावणी असे. छावणीत प्रशस्त बंगले आणि बंगल्यात विलायती कुत्री. त्यांची निगा राखायला वेगळा नोकर. गावातला माणूस आणि गावातला कुत्रा, दोघेही फाटकाच्या बाहेर. साहेब गेला, बंगले राहिले आणि बंगल्याबरोबर कुत्र्याची ही प्रतिष्ठाही आपण वारशाने घेतली.

आपले संस्थानिकही यात मागे नव्हते. जुनागढचे नवाब महाबतखान यांचे कुत्र्यांचे वेड तर दंतकथा बनून राहिले आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्याची कथा त्याहून बोधप्रद आहे. राजे मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या भागातल्या कारवानी कुत्र्यांची जोपासना केली, आणि त्यांची एक जोडी त्यांनी बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली असे सांगतात. तेव्हापासून हा कुत्रा 'मुधोळ हाउंड' या नावाने ओळखला जाऊ लागला. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यात मुधोळ होता आणि उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हाउंडही होता. २०१६ पासून मीरतच्या लष्करी केंद्रात मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण मिळू लागले. ही अभिमानाची गोष्ट आहे यात शंका नाही. परंतु विचार करा, कुत्रा तोच. तांड्यात होता तेव्हा तो भटक्यांचा कुत्रा होता. राजवाड्यात गेला तेव्हा खानदानी झाला. त्याच्या पायांत वेग आधीही होता. बदलला तो त्याच्या दोरीचे टोक धरणारा हात!

वंशावळीचा हा प्रश्न झाशीला तर फार महागात पडला. १८५३ च्या नोव्हेंबरात राजे गंगाधरराव नेवाळकर निवर्तले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्याच भाऊबंदांतला एक मुलगा विधिपूर्वक दत्तक घेतला होता. राणीने तो आपला पुत्र मानला, प्रजेने मानला. परंतु लॉर्ड डलहौसीने तो वारस मानला नाही आणि १८५४ साली झाशी खालसा झाली. पोटचा नाही म्हणून खरा नाही, असा तो हिशेब होता. कंपनीला राज्य हवे होते. रक्ताचा प्रश्न हे निमित्त होते. वंशावळीची चौकशी जिथे जिथे कडक होते, तिथे बहुधा कोणाला तरी काहीतरी नाकारायचे असते, हे आपण लक्षात ठेवावे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, "जातीजातींत फरक असतोच की! मेंढपाळी कुत्रा मेंढरे वळतो, दुसऱ्या एखाद्याचे नाक तीक्ष्ण असते. मग चांगला कुत्रा निवडला तर बिघडले कोठे?" काही बिघडले नाही. पोलिसांनी माग काढण्यासाठी योग्य कुत्रा निवडावा, धनगराने राखणीसाठी निवडावा, अंध माणसाला वाट दाखवणारा कुत्रा पारखूनच घ्यावा. गुण पाहणे वेगळे आणि प्रतिष्ठा पाहणे वेगळे. शिवाय गुणांच्या बाबतीतही आपण जातीवर जितका भरवसा टाकतो तितका तो टिकत नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या स्वभावाची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली गेली आणि सुमारे दोन हजार कुत्र्यांची जनुके तपासली गेली. कुत्र्याकुत्र्यांत वागणुकीचा जो फरक दिसतो, त्यातला केवळ ९ टक्के भाग जातीवरून उलगडतो, असे त्यातून दिसले. रूप वंशाने येते. स्वभाव मात्र ज्याचा त्याचा असतो. ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

म्हणून प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. आपल्या घराला खिडक्या नसत्या, शेजारी नसते, कोणी पाहणारेच नसते, तरी आपण हाच कुत्रा आणला असता का? उत्तर 'होय' असेल तर ते प्रेम आहे. उत्तर देताना जीभ अडखळली तर समजावे की आपण कुत्रा आणलेला नाही, पाटी आणलेली आहे. आणि त्या पाटीवर आपलेच नाव लिहिलेले आहे.

या पाटीची किंमत कोण मोजतो? पहिल्याने तो मुका प्राणीच मोजतो. २००३ साली हच या टेलिफोन कंपनीची जाहिरात दूरदर्शन संचांवर झळकली आणि तिच्यातला चपट्या नाकाचा पग घराघरांत हवासा झाला. ज्या चपट्या नाकाचे आपल्याला कौतुक, त्याच नाकामुळे या जातीच्या पुष्कळ कुत्र्यांना श्वास घेणे जड जाते, उन्हाळ्यात तर अधिकच. बुंदेलखंडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत बर्फाळ प्रदेशासाठी घडलेला, दाट केसांचा हस्की केवळ शोभेसाठी बाळगणे ही हौस नव्हे, ती क्रूरता आहे. पिल्ले विकून पैसा करणाऱ्यांच्या पिंजऱ्यांत माद्यांचे काय हाल होतात ते तर ग्राहकाच्या दृष्टीसही पडत नाही. २०१६ साली केंद्र सरकारने व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यास बंदी घातली आणि २०१७ साली पैदास व विक्री यांचे नियम केले. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, हे त्यांतले एक कलम. आईच्या कुशीतून पिल्लाला इतक्या लवकर ओढू नये, हे सांगायला कायदा लागावा, यातच सारे आले. आणि फॅशन बदलली, कुत्रा म्हातारा झाला, औषधपाण्याचा खर्च वाढला, की हाच 'खानदानी' जीव एखाद्या रात्री मोटारीतून दूर नेऊन सोडला जातो. वंशावळीचा कागद त्या वेळी त्याच्या कामी येत नाही.

दुसरी किंमत माणूस मोजतो. सकाळी शहरातल्या उंच इमारतींच्या आवारात पाहा. साहेबांचा कुत्रा फिरवायला नेणारा मुलगा दिसेल. कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचा दिवस ठरलेला आहे. त्या मुलाच्या आजारपणाची रजा ठरलेली नाही. कुत्रा मालकांबरोबर पुढच्या लिफ्टने जातो. मुलगा पुष्कळदा मागच्या लिफ्टने. कुत्र्यावर प्रेम करू नका असे मी म्हणत नाही. प्रेम ही वाटल्याने कमी होणारी वस्तू नाही. परंतु ज्या घरात कुत्र्याचे नाव सर्वांना ठाऊक असते आणि भांडी घासणाऱ्या बाईंचे पूर्ण नाव कोणालाच सांगता येत नाही, त्या घरातले कुत्र्यावरचे प्रेम तपासून पाहण्यासारखे आहे.

हे काही नवीन नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या बांधवांना घेऊन गेले, त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. कुत्र्याने पाणी प्यायले तर ते बाटत नव्हते; माणसाच्या ओंजळीने बाटत होते. ज्या समाजाने माणसांच्या जाती इतक्या काटेकोर पाळल्या, त्याने कुत्र्यांच्या जाती पाळायला लागावे यात नवल ते काय?

या संदर्भात प्रभू येशूने सांगितलेला श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दृष्टांत आपण पुन्हा नीट वाचावा. त्या श्रीमंताने लाजराला मारले, हाकलले, शिवी दिली, असे त्यात कोठेही नाही. रोज मेजवानी होती, दाराशी फोडांनी भरलेला एक भुकेला मनुष्य पडला होता, आणि मेजापासून दारापर्यंतचे अंतर कोणी चालून गेले नाही. इतकेच! त्याच्या जवळ आली ती कुत्री. ती कोणाची होती, हे शास्त्र सांगत नाही. रेवन आणि ककवारा येथे जे घडले तेही असेच. कोणी काही वाईट केले नाही. फक्त कोणी उठले नाही. आणि त्या कनानी स्त्रीची आठवण करा. तिने मेजाखालच्या कुत्र्यांचे उदाहरण स्वतःला लावून घेतले आणि पडलेल्या तुकड्यांवर आपला हक्क सांगितला. तिला तिच्या वंशावळीवरून परत पाठवले गेले नाही. तिचा विश्वास पाहिला गेला. आपल्या महाराष्ट्रातही संत नामदेवांची कथा आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी भाकरी त्याला कशी जाईल, ही त्यांना चिंता. तो कुत्रा जातिवंत होता की गावठी, हे कथेत येत नाही; कारण धावणाऱ्याला ते विचारायला सवड नव्हती.

वाचकहो, आता आपल्या घराकडे वळू. बाप्तिस्म्याने आपली ओळख नवी झाली असे आपण मानतो. मग विवाहाची बोलणी सुरू झाली की "मूळचे कुठले?" हा प्रश्न इतक्या हळू आवाजात का विचारला जातो? त्या प्रश्नाचा रोख गावावर नसतो, हे विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. अमुक इतक्या पिढ्यांचे ख्रिस्ती, अमुक मिशनरींच्या हातचे, अमुक आडनावाचे, अशी वंशावळीची नोंदवही आपणही मनात ठेवतोच. मंडळीत नव्याने आलेल्या, साध्या कपड्यांतल्या कुटुंबाकडे आपली नजर कशी जाते? याकोबाने आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला पुढची जागा आणि गरिबाला पायांजवळची जागा देणाऱ्यांना खडसावले, ते उपासनेला जमलेल्या लोकांनाच. कुत्र्याची जात विचारायची सवय लागलेली जीभ माणसाची जात विचारताना अडखळत नाही. आणि माणसाची जात विचारत आलेल्या समाजाला कुत्र्याची जात विचारल्यावाचून राहवत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न सोपा नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पिसाळलेला कुत्रा चावून आपल्या देशात आजही माणसे मरतात आणि त्यांत गरिबांची मुले पुष्कळ असतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला आणि थोड्याच दिवसांत, लस टोचून व नसबंदी करून त्यांतली बहुतेक कुत्री पुन्हा आपल्या जागी सोडावीत, अशी त्यात सुधारणा केली. दोन्ही बाजूंनी कळवळून बोलणारे लोक होते. मला वाटते, मुलाचे रक्षण आणि कुत्र्यावरची दया यांत वैर नाही. लस टोचणे, नसबंदी करणे, कचरा उघड्यावर न टाकणे, ही कामे दोघांच्याही हिताची आहेत. पण ती कंटाळवाणी आहेत आणि त्यांत प्रतिष्ठा नाही, म्हणून ती मागे पडतात.

मग आपण काय करावे? घरात कुत्रा हवा असेल तर आधी आपल्या गल्लीतल्या पिल्लाकडे पाहावे. ते आपल्या हवेत जन्मले आहे, आपल्या अन्नावर वाढेल आणि जीव तितकाच लावील. जातीचा कुत्रा घरात असेलच तर त्याला शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळावे. त्याला फिरवणाऱ्या मुलाला नावाने हाक मारावी आणि त्याच्या पगाराचा, रजेचा हिशेब चोख ठेवावा. "कोणत्या जातीचा?" असे कोणी विचारले तर त्याच्या जातीऐवजी त्याचे नाव सांगावे. आणि मुलांसमोर 'गावठी' हा शब्द शिवीसारखा वापरू नये. मुले तो शब्द कुत्र्यांपुरताच ठेवीत नाहीत.

शेवटी एवढेच. मेल्यावर चबुतरा बांधणे माणसाला जमते. त्यात खर्च एकदाच होतो आणि नाव पुष्कळ दिवस राहते. जिवंत असताना एक पान बाजूला काढून ठेवणे अवघड. कारण ते रोज करावे लागते आणि त्याची नोंद कोणी घेत नाही. आज रात्री आपल्या घरची पंगत उठेल, तेव्हा "ती तिकडे जेवलीच असेल" असे मनाशी न म्हणता एकदा दाराबाहेर पाहून घ्या.